बँकेच्या ई-लिलावातून पहिला फ्लॅट घेताना: जाहिरातीपासून किल्लीपर्यंत

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात विक्री सूचना छापून येते. समजा, पिंपरीतला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे आणि राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली बोली चालत नाही तो आकडा, ४२ लाख. त्याच इमारतीतला तसाच फ्लॅट एजंट ६० लाखांना सांगतो. हा फरक बघून नवखा माणूस लगेच बोली कशी लावायची ते विचारू लागतो. बोली हा या व्यवहारातला सगळ्यात सोपा भाग आहे. पैसे अडकतात ते लिलावाआधीच्या तीन-चार आठवड्यांत न केलेल्या चौकशीमुळे, नाहीतर लिलावानंतरच्या पंधरा दिवसांत रक्कम उभी न राहिल्यामुळे. म्हणून या लेखात जास्त जागा त्या दोन टप्प्यांना दिली आहे.

कोणता लिलाव, कोणता कायदा

बँका आणि गृहवित्त कंपन्या थकीत कर्जासाठी गहाण घरं विकतात ती बहुतेक वेळा २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, न्यायालयात दावा न लावता. कर्जदाराला आधी ६० दिवसांची मागणी नोटीस जाते, मग बँक ताबा घेते आणि त्यानंतर विक्री सूचना निघते. नागरी सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पतसंस्थांची वसुली मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम १५६ आणि नियम १०७ यांखाली चालते. तिथे अनामतीची टक्केवारी, मुदती आणि विक्री कायम करण्याची पद्धत वेगळी आहे. तेव्हा सूचनेचा मथळा आधी वाचा. इथून पुढचं सगळं सरफेसीच्या लिलावाबद्दल आहे.

शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही. यादीत 'प्लॉट' म्हणून काही दिसलं, तर त्याचा बिगरशेती आदेश मागून बघा.

सूचना कुठे शोधायची आणि कशी वाचायची

सरकारी बँकांच्या मालमत्ता 'बँकनेट' या संकेतस्थळावर एकत्र दिसतात. खासगी बँका आणि वित्त कंपन्या वेगवेगळ्या लिलाव कंपन्यांची पोर्टलं वापरतात. पोर्टलचा पत्ता छापील सूचनेत दिलेला असतो. तो तिथूनच बघून टाइप करा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकवर नोंदणी करू नका. अशा लिलावांच्या हुबेहूब नकली जाहिराती निघतात आणि त्यात बयाणा, म्हणजे बोलीत उतरण्याआधीची अनामत, भरायला एखाद्या व्यक्तीचं खातं दिलेलं असतं. खरी बँक पैसे स्वतःच्या खात्यात किंवा पोर्टलच्या वॉलेटमध्येच घेते. शंका आली तर बँकेच्या शाखेचा नंबर बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या आणि प्राधिकृत अधिकाऱ्याचं, म्हणजे लिलाव चालवणाऱ्या बँक अधिकाऱ्याचं, नाव विचारून पडताळा.

पहिल्या लिलावाच्या वेळी जाहीर सूचना आणि विक्री यांत किमान ३० दिवसांचं अंतर लागतं. खरेदीदार आला नाही आणि लिलाव फसला, तर पुढच्या वेळी १५ दिवसांची सूचना पुरते. फसलेल्या लिलावानंतर राखीव किंमत बऱ्याचदा उतरते, पण तपासाचा वेळही अर्धा होतो. एकच फ्लॅट चौथ्यांदा लिलावाला आला असेल, तर त्याला कारण असतं. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

सूचनेतल्या काही गोष्टी पेन्सिलीने अधोरेखित कराव्यात: ताबा कोणता, ज्ञात बोजे (मालमत्तेवरची देणी आणि गहाणं) कोणते, क्षेत्रफळ कोणतं, पाहणीचा दिवस, बयाणा भरायची शेवटची वेळ आणि किमान बोलीवाढ. क्षेत्रफळापाशी चटई, बांधीव की सुपर बिल्टअप हे लिहिलेलं असतं, कधी नसतंही. चटई ५५ चौरस मीटर म्हणजे साधारण ५९२ चौरस फूट. सूचनेत ८०० चौरस फूट असेल, तर तो आकडा कुठून आला ते मूळ करारनाम्यात बघा.

आणि एक वाक्य प्रत्येक सूचनेत असतं: 'जसे आहे, जिथे आहे, जे काही आहे त्या तत्त्वावर'. घरात किंवा कागदांत पुढे काहीही निघालं, तरी बँक जबाबदारी घेणार नाही, असा त्याचा रोख असतो. सूचनेतली 'बँकेच्या माहितीप्रमाणे बोजा नाही' ही ओळ याच वाक्याच्या प्रकाशात वाचायची.

ताबा: सगळ्यात महत्त्वाचा शब्द

सांकेतिक ताबा म्हणजे दारावर नोटीस चिकटवली, वर्तमानपत्रात छापली, पण घरात माणसं राहत आहेत. प्रत्यक्ष ताबा म्हणजे घर रिकामं आहे आणि कुलूप बँकेचं आहे. या दोन शब्दांत लाखांचा फरक असतो आणि राखीव किंमत कमी दिसण्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

सांकेतिक ताबा असेल तर बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. मुंबईत मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे. कायद्यात त्यासाठी ३० दिवस, आणि कारणं नोंदवून एकूण ६० दिवसांपर्यंत मुदत आहे. प्रत्यक्षात आदेश निघणं, तो तहसील कार्यालयात पोहोचणं, पोलीस बंदोबस्ताची तारीख मिळणं, आयत्या वेळी ती पुढे जाणं, यात वर्षही निघून जातं. बँकेला हे लेखी विचारा: कलम १४ चा अर्ज केला आहे का, त्याचा क्रमांक काय, आदेश झाला आहे का, आणि विक्रीनंतर रिकामा ताबा देण्याची जबाबदारी बँक घेते का. फोनवरच्या 'होऊन जाईल' या उत्तराच्या भरवशावर पैसे भरू नका. ईमेल पाठवा आणि उत्तर जपून ठेवा.

राहणारा माणूस कर्जदार नसून भाडेकरू असेल, तर प्रश्न आणखी अवघड होतो. गहाणाआधीपासूनची, नोंदणीकृत करार असलेली भाडेदारी न्यायालयं सहज मोडत नाहीत. गहाणानंतर घाईने केलेला, नोंदणी नसलेला भाडेकरार टिकणं कठीण असतं, पण तो मोडून निघेपर्यंतचा काळ तुमच्याच खात्यातून जातो. पहिल्याच खरेदीत भाडेकरू असलेलं घर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कागद तपासताना

बँकेने कर्ज देताना वकिलाचा शोध अहवाल घेतलेला असतो, तो मागा. मिळाला तरी स्वतःचा वकील लावून ३० वर्षांचा शोध घ्या. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, तुम्हाला घरबसल्या बघता येते. फ्लॅटचे आधीचे सगळे व्यवहार, म्हणजे बिल्डरकडून पहिला खरेदीदार, त्याच्याकडून दुसरा, अशी साखळी सलग जुळली पाहिजे. मधला एखादा करार नोंदवलेलाच नसेल, तर पुढे तुम्हाला कर्ज देणारी बँक तिथेच अडून बसेल.

गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणीत, म्हणजे 'सरसाई'वर, त्याच फ्लॅटवर दुसऱ्या संस्थेचा बोजा आहे का ते बघा. एकच फ्लॅट रंगीत झेरॉक्सवर दोन ठिकाणी गहाण टाकल्याची प्रकरणं घडतात. लिलाव करणाऱ्या बँकेकडे मूळ करारनामा आणि मूळ शेअर सर्टिफिकेट आहे की प्रती आहेत, हे पाहणीच्या दिवशी डोळ्यांनी बघा.

मग कर्ज वसुली न्यायाधिकरण. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराला ४५ दिवसांत कलम १७ खाली तिथे अर्ज करता येतो. न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर कर्जदाराच्या नावाने शोध घ्या: मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, जिथलं क्षेत्र असेल तिथे. अर्ज प्रलंबित आहे म्हणून लिलाव थांबतोच असं नाही, पण स्थगिती आहे का आणि पुढची तारीख कधी, हे बोलीआधी माहीत हवं.

कर्जदार शेवटच्या क्षणी पैसे भरून घर सोडवून नेईल का, ही भीती बऱ्याच जणांना असते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर विक्री सूचना प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा तो हक्क संपतो. नवी मुंबईतल्या एका भूखंडाच्या सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये लिलावात घेणाऱ्याच्या बाजूने हेच सांगितलं. मात्र बँकेने नोटिशीत, मुदतीत किंवा मूल्यांकनात चूक केली असेल, तर लिलाव रद्द होऊ शकतो. नियमाप्रमाणे सूचना दोन वर्तमानपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या पत्रात, छापलेली असावी लागते. ती कात्रणं स्वतःकडे ठेवा आणि मधले दिवस मोजून बघा.

जमिनीचा प्रकार विसरू नका. नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची आहे, तिथे हस्तांतर शुल्क लागतं. भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे हस्तांतरावर सरकारी अटी असलेल्या, जमिनीवरच्या सोसायटीत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीतला फ्लॅट पुढे विकताना ग्राहकाला कर्ज मिळणं कठीण जातं.

जागेवर काय बघायचं

पाहणीच्या दिवशी बँकेचा माणूस येतो, कुलूप उघडतो, दहा मिनिटांत बंद करतो. तेवढ्यात छतावरची ओल, संडास-बाथरूमच्या खालच्या फ्लॅटची तक्रार आणि काढून नेलेली फिटिंग बघून घ्या. दोन शेजारचे फ्लॅट भिंत पाडून एक केलेले असतात आणि गहाण एकच असतो, हा सापळा आत गेल्याशिवाय कळत नाही. दारावरचा नंबर, करारातला नंबर आणि विजेच्या मीटरवरचं नाव जुळवून बघा.

खरी माहिती मिळते ती सोसायटीच्या कार्यालयात. सचिवांना भेटा आणि व्याजासह थकबाकीचं पत्र लेखी मागा. ते न देण्याचं कारण बहुतेक वेळा 'तुम्ही अजून मालक नाही' हे असतं. तेव्हा बँकेच्या अधिकाऱ्यामार्फत मागवा. पार्किंग त्या फ्लॅटच्या नावावर आहे का, पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, संरचनात्मक तपासणीत इमारत धोकादायक ठरली आहे का, हे तिथेच कळतं.

थकबाकी कोणाची? मालमत्ता कराचा बोजा मालमत्तेवरच असतो, मालक बदलला तरी सुटत नाही. विजेच्या जुन्या बिलाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की पुरवठ्याच्या नियमांत तरतूद असेल, तर वीज कंपनी आधीच्या मालकाची बाकी भरल्याशिवाय नवीन जोडणी नाकारू शकते. सोसायटीही बाकी मिटल्याशिवाय सभासदत्वाचा अर्ज पुढे सरकवत नाही. म्हणून या तिन्ही रकमा बोलीआधीच कागदावर हव्यात. धंद्याची जागा किंवा कारखाना असेल, तर विक्रीकर, जीएसटी आणि कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची देणी हा आणखी मोठा विषय होतो. नवख्याने तिथे जाऊ नये.

आपली कमाल बोली काढणं

राखीव किमतीपासून वर मोजत गेलात तर दर फेरीला 'अजून पंचवीस हजारच' असं वाटत राहतं. उलटं मोजा. किल्ली हातात असलेल्या, निर्वेध, तशाच फ्लॅटच्या बाजारभावातून वजा करत खाली या. मघाच्याच पिंपरीच्या फ्लॅटचं काल्पनिक गणित असं:

बाजारभाव ६०,००,०००
सोसायटीची बाकी २,१०,०००
मालमत्ता कर ६५,०००
वीज १५,०००
वकील आणि शोध ४०,०००
दुरुस्ती ३,५०,०००
ताबा वर्षभर लांबला तर अडकलेल्या पैशांवरचं व्याज ४,००,०००
त्या वर्षाचं स्वतःचं घरभाडं, दरमहा १८,००० प्रमाणे, २,१६,०००
एकूण वजावट १२,९६,०००

उरले ४७,०४,०००. यातून धोक्यासाठी बाजारभावाच्या ५ टक्के, म्हणजे ३ लाख, बाजूला काढा. राहिले ४४,०४,०००. बोलीवाढ २५ हजारांची असेल तर तुमची शेवटची बोली ४४ लाख. हा आकडा लिलावाच्या आदल्या दिवशी लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्या.

मुद्रांक शुल्क या यादीत घेतलं नाही, कारण बाजारातून घेतलं तरी ते लागतंच. पण त्याची रोकड तयार हवी. पिंपरी-चिंचवडमध्ये ७ टक्के दराने ४४ लाखांवर ३,०८,००० रुपये होतात. मुंबईत दर ६ टक्के आहे. खरेदीदार स्त्री असेल तर घरासाठी १ टक्का सवलत मिळते. नोंदणी फी वेगळी.

आयकराचे दोन मुद्दे लिलावात हमखास निसटतात. खरेदी किंमत किंवा सरकारी मूल्य यांपैकी काहीही ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. वरच्या फ्लॅटचं रेडी रेकनर मूल्य, म्हणजे हेच सरकारी मूल्य, ५१ लाख असेल, तर बोली ४४ लाखांची असूनही टीडीएस लागतो, आणि तो जास्तीच्या आकड्यावर, म्हणजे ५१,००० रुपये. तो कोणाच्या पॅनवर भरायचा हे बँकेकडून लेखी घ्या. दुसरा मुद्दा जास्त मोठा. खरेदी किंमत आणि सरकारी मूल्य यांतला फरक खरेदी किमतीच्या १० टक्क्यांहून आणि ५० हजारांहून जास्त असला, तर तो फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरला जाऊ शकतो. इथे फरक ७ लाखांचा आहे आणि १० टक्के म्हणजे ४.४ लाख. बोलीआधी सीएशी बोलून घ्या.

पैशांची व्यवस्था

वेळापत्रक कडक आहे. बयाणा सहसा राखीव किमतीच्या १० टक्के असतो, म्हणजे इथे ४,२०,०००. ४४ लाखांना लिलाव जिंकलात तर त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के, म्हणजे ११ लाख, पूर्ण करायचे. बयाणा वजा जाता ६,८०,००० रुपये लगेच लागतात. उरलेले ३३ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे जात नाही.

चुकलात तर भरलेली रक्कम जप्त होते आणि घर पुन्हा लिलावाला जातं. पूर्ण २५ टक्के जप्त करणं योग्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात सांगितलं. आपल्या उदाहरणात ११ लाख गेले.

पंधरा दिवसांत गृहकर्ज मंजूर होऊन रक्कम हाती येणं अवघड असतं, कारण कायदेशीर तपास, मूल्यांकन आणि छाननी हे सगळं त्यातच बसवावं लागतं. सांकेतिक ताब्याच्या घरावर बऱ्याच संस्था कर्ज देतच नाहीत. लिलाव करणारी बँकच कर्ज देईल का, हे आधी विचारा. तिच्याकडे कागद तपासून झालेले असतात. उत्तर लेखी नसेल तर ३३ लाखांची सोय ठेवी, सोनं किंवा घरच्यांचे पैसे यांतून करून मगच उतरा.

लिलावाच्या दिवशी

पोर्टलवर नोंदणी, पॅन-आधारची पडताळणी आणि बयाणा ही कामं शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी उरका. काही पोर्टलना डिजिटल सही लागते. बयाणा ज्याच्या खात्यातून गेला त्याच्याच नावाने विक्री प्रमाणपत्र, म्हणजे मालकीचा बँकेने दिलेला कागद, निघतं असं धरून चाला. पती-पत्नी दोघांच्या नावावर घर हवं असेल, तर नोंदणीच दोघांच्या नावे करा. नंतर नाव घालता येत नाही. यूटीआर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा बँकेचा क्रमांक, लिहून ठेवा.

बोली सुरू होते तेव्हा पहिली बोली सहसा राखीव किमतीवर एक वाढ धरून द्यावी लागते. शेवटच्या ५ मिनिटांत कोणी बोली दिली की वेळ आपोआप ५ मिनिटांनी वाढते आणि हे कितीही वेळा होऊ शकतं. त्यामुळे शेवटच्या सेकंदाला बोली टाकून जिंकण्याची युक्ती इथे चालत नाही. उलट नेट गेलं तर तुम्हीच बाहेर. लॅपटॉप आणि मोबाइल ही दोन्ही साधनं दोन वेगळ्या कंपन्यांच्या नेटवर ठेवा. 'सबमिट' दाबण्यापूर्वी शून्यं मोजा. दिलेली बोली मागे घेता येत नाही. हरलात तर बयाणा परत मिळतो, बिनव्याजी.

जिंकल्यानंतर

पंचवीस टक्के भरल्याची पावती आणि विक्री कायम केल्याचं पत्र घ्या. पंधरा दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे ते त्या पत्रावरून ठरतं. न्यायाधिकरणात कर्जदाराच्या हालचालीची शंका असेल, तर वकिलामार्फत कॅव्हिएट दाखल करा, म्हणजे तुम्हाला कळवल्याशिवाय एकतर्फी आदेश निघणं कठीण होतं.

पूर्ण रक्कम भरल्यावर प्राधिकृत अधिकारी विक्री प्रमाणपत्र देतो. त्याचा मसुदा आधी मागवा आणि फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, सर्व्हे क्रमांक, चतुःसीमा आणि तुमच्या नावाचं स्पेलिंग तपासा. बोजा आहे की नाही हे त्यात स्पष्ट हवं. बँकेने प्रमाणपत्राची प्रत दुय्यम निबंधकाकडे पाठवली तरी कायद्याने भागतं, पण सोसायटी, महापालिका आणि पुढचा खरेदीदार तुमच्याकडे सूची क्रमांक दोनच मागणार. म्हणून मुद्रांक शुल्क भरून नोंदणी करून घ्या. उशीर केला तर शुल्कावर दंड चढतो.

ताबा घेताना बँकेचा अधिकारी, दोन साक्षीदार आणि पंचनामा हवा. घरात कर्जदाराचं सामान राहिलं असेल, तर त्याची यादी आणि फोटो बँकेकडून करून घ्या. ते सामान स्वतः बाहेर काढू नका, विकू तर अजिबात नका. ते परत देण्याची जबाबदारी बँकेकडे ठेवा. ताबा पावतीवर तारीख आणि वेळ लिहून घ्या. सोसायटीचा मासिक आकार त्या दिवसापासून तुमचा, असा मुद्दा मांडायला तीच उपयोगी पडते.

त्याच दिवशी कुलूप बदला, मीटरचं रीडिंग टिपून फोटो काढा. मग सोसायटीत सभासदत्वाचा अर्ज, सोबत सूची क्रमांक दोन, विक्री प्रमाणपत्र आणि थकबाकी भरल्याची पावती. महापालिका क्षेत्रात हस्तांतराचा प्रीमियम २५ हजार रुपयांपेक्षा जास्त मागता येत नाही. 'लिलावाचा फ्लॅट आहे' म्हणून जास्त मागितला, तर मागणी लेखी द्या म्हणावं आणि ती घेऊन उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जावं. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं की मालमत्ता कराच्या बिलावर आणि वीज मीटरवर नाव बदलायचे अर्ज एकाच दिवशी टाका; दोन्हीकडे कागद तेच लागतात.